‘एक स्ट्राँग गोळी द्या की!’
वाचकांचे प्रश्न : औषधाच्या खिडकीतून

गेल्या अंकात पावसाळी तापांवर लिहिताना ‘साध्या सर्दी-तापाला अँटिबायोटिक लागत नाही’ असं एक वाक्य मी सहज लिहून गेले. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. बरीचशी शंकेची, काही चक्क भांडणाची. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या सरकारी आरोग्य केंद्रांत औषधाच्या खिडकीमागं नोकरी केली, आता निवृत्त आहे, संध्याकाळी भाच्याच्या मेडिकलमध्ये बसते. तेव्हा तुम्हाला काय झालंय हे मी सांगणार नाही. औषध काय करतं आणि माणसं औषधाचं काय करतात, एवढं मला ठाऊक आहे.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला रविवारी रात्री ताप आणि खोकला सुरू झाला. सोमवारी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नुसतं पॅरासिटामॉलचं पातळ औषध दिलं आणि ‘तीन दिवसांनी दाखवा’ म्हणाले. बुधवारी संध्याकाळपर्यंत ताप होताच, म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून खासगी दवाखान्यात नेलं. त्यांनी एक सुई टोचली, अँटिबायोटिकचं सिरप दिलं. गुरुवारी दुपारी पोरगं खेळायला लागलं. आता सांगा, कुणाचं खरं? – एक आई, येळ्ळूर

उत्तर : वार लिहिलेत ते फार बरं केलंत, उत्तर त्या वारांतच आहे. विषाणूंमुळं येणारा साधा ताप बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो. म्हणजे सोमवारची बाटली तशीच चालू ठेवली असती तरी गुरुवारी पोरगं बहुधा अंगणातच असतं. मान मात्र बुधवारच्या डॉक्टरांना मिळाला. आपल्याकडं ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ म्हणतात ना, त्यातला बराचसा गुण चौथ्या दिवसाचा असतो! अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूंना त्याचं काही वाटत नाही. जाता जाता पोटातल्या चांगल्या जिवाणूंना मात्र ते झोडपतं, आणि त्यातून जे टिकतात ते पुढच्या खेपेला त्या औषधाला जुमानत नाहीत.

तरी तुम्ही उगाच घाई केलीत, असं मी म्हणणार नाही. ‘परत या’ हे आपल्या लोकांना किती जड जातं ते मी खिडकीतून रोज बघितलंय. वडगाव-शहापुरात मागावर काम करणाऱ्या बाईचा दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. खेड्यातून येणारीचं तेच. जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली, तिकिटाचे पैसे वाचले. भांगलणीचा दिवस बुडतो तो बुडतोच. मग खिडकीशी येऊन बाई हळूच म्हणते, ‘बाई, एक स्ट्राँग गोळी द्या की, परत यायला जमत न्हाई.’ तिला अँटिबायोटिक कशाशी खातात ते माहीत नसतं आणि त्याची हौसही नसते. तिला दुसरी खेप टाळायची असते. सर्दी-तापाला म्हणून मागितलेल्या जवळजवळ प्रत्येक ‘स्ट्राँग’ गोळीमागं मला ही दुसरी खेप दिसलीय. शहरातले तज्ज्ञ याला रुग्णांचं अज्ञान म्हणतात. मला ते पटत नाही. तो हिशेब आहे, आणि गरिबाच्या बाजूनं बघितलं तर अगदीच वेडा हिशेब नाही.

सोमवारच्या डॉक्टरांचं एक चुकलं. ‘तीन दिवसांनी दाखवा’ एवढ्यावर कुठली आई घरात स्वस्थ बसेल? काय दिसलं तर तीन दिवस थांबायचं नाही, हेही सांगायला हवं होतं. ते मी सांगते. पोरगं शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तमच, अंगातला शर्ट वर करा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाइल जवळ धरा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा आकडा 40 किंवा त्याच्या वर गेला, तर श्वास जलद आहे. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ही मर्यादा 50, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60. शिवाय श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय का ते बघा. यातलं काही दिसलं, पोरगं पाणीही पीत नसेल, आकडी आली किंवा उठवून उठत नसेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा. तो न्यूमोनिया असू शकतो, आणि त्याला अँटिबायोटिक हवंच. तिथंही बहुतेकदा कामाला येतं ते साधं, स्वस्त अमॉक्सिसिलिन; सरकारी केंद्रात ते मिळतं.

आणि शेंबूड हिरवा झाला म्हणजे ‘जंतू पिकले’ ही समजूत सोडून द्या. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. खोकला तर ताप गेल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

प्रश्न : ऊसतोड झाली की अंग मोडून येतं. दोन बाटल्या सलाईन आणि त्यात एक सुई सोडली की ताकद येते. आता नवीन डॉक्टर सलाईन लावत नाहीत, गोळ्यांवर बोळवण करतात. – शेतकरी, हुक्केरी तालुका

उत्तर : अर्धा लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजची असेल तर 25 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. तुम्ही तोंडानं खात-पीत असाल तर हेच मीठ-पाणी-साखर घरात आहे. उन्हात राबून घाम गेला असेल तर ओआरएसचं एक पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, वर दोन तास आडवे व्हा. सलाईन लावलं की माणूस तासभर पडून राहतो, मला वाटतं निम्मी ताकद त्या पडून राहण्यातच आहे.

‘त्यात एक सुई सोडली’ म्हणजे काय सोडलं, ते मात्र विचारून घ्या. जेंटामायसिनसारखं इंजेक्शन असेल तर ते मूत्रपिंडाला आणि कानाला अपाय करू शकतं. नुसत्या अंगदुखीसाठी ते कुणीही घेऊ नये. तुमच्या नवीन डॉक्टरांना सोडू नका.

प्रश्न : मला दर वर्षी टायफॉइड निघतो. रक्त तपासलं की पॉझिटिव्ह, मग चौदा दिवसांच्या गोळ्या. गेल्या महिन्यात पुन्हा तेच. अंगात मुरलाय का? चारही रिपोर्टच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. – पतसंस्था कर्मचारी, चिकोडी

उत्तर : चारही कागद नीट बघितले. चारही वेळा चाचणी एकच आहे, विडाल. फ्रान्समधल्या विडाल नावाच्या डॉक्टरांनी ती 1896 साली सुरू केली. आपल्याकडच्या लहान लॅबमध्ये ती कशी होते ते सांगते. काचेच्या पट्टीवर रक्तातल्या पिवळसर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, त्यात रंगीत द्रावणाचा थेंब मिसळायचा, पट्टी हलवायची आणि बारीक गुठळ्या धरतात का ते डोळ्यांनी बघायचं. काही मिनिटांचं काम. स्वस्त, झटपट, आणि हातात छापील कागद मिळतो, म्हणून तर ती इतकी चालते.

पण त्या गुठळ्या तुमच्या रक्तातल्या टायफॉइडच्या जंतूंच्या नसतात. शरीरानं कधीकाळी त्या जंतूंविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांमुळं त्या धरतात. ‘कधीकाळी’ हे महत्त्वाचं. जुना टायफॉइड, आधी घेतलेली लस, कधी भलताच एखादा ताप, एवढ्यानंही विडाल पॉझिटिव्ह येतं. भाडेकरू घर सोडून गेला तरी दारावर त्याच्या नावाची पाटी राहावी, तसं हे आहे. उलट खरा टायफॉइड असला तरी पहिल्या आठवड्यात पाटी लागलेलीच नसते, तेव्हा निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्तही होता येत नाही. एका कागदावरून काही ठरत नाही ते यामुळं. चार तापांपैकी किती टायफॉइडचे होते हे तुमच्या झेरॉक्सवरून कुणालाच सांगता येणार नाही.

खात्री करायची तर रक्ताचं कल्चर करावं लागतं. दंडातलं रक्त एका बाटलीत घालून त्यात जंतू वाढतात का ते बघतात, वाढले तर कोणतं औषध त्यांना मारतं तेही कळतं. उत्तर यायला काही दिवस जातात. बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे. अट एकच, अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी रक्त काढलेलं बरं. आपले लोक आधी मेडिकलातून दोन-चार गोळ्या घेऊन बघतात, गुण आला नाही की मग बेळगाव गाठतात. तोवर रक्तातले जंतू दबलेले असतात, कल्चर कोरं येतं, आणि डॉक्टर अंदाजानं औषध देतात. पुढच्या वेळी ताप चार-पाच दिवसांच्या वर टिकला तर गोळी न घेता सरळ डॉक्टरांकडं जा आणि ‘आधी कल्चर करू या का?’ असं विचारा. असं विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

टायफॉइडला हलकं समजा असं मी म्हणत नाही. उपचार झाले नाहीत तर आतड्याला भोक पडून माणूस जातो. म्हणून तर त्याची औषधं जपून वापरायची. पूर्वी क्लोरॅम्फेनिकॉल हे त्याचं हुकमी औषध होतं, जंतू त्याला सरावले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला ते मिळालं की पेशंट बरा झालाच म्हणून समजायचं. आज भारतातल्या बहुतेक टायफॉइडवर त्याचा भरवसा धरत नाहीत. आता सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन, ॲझिथ्रोमायसिन यांच्यावर मदार आहे, आणि नेमकी हीच औषधं आपण सर्दीला खातोय.

‘मुरलाय का’ याचं उत्तर : पित्ताशयात जंतू राहून गेलेली माणसं असतात, पण थोडी, आणि ते विडालवरून कळत नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोला. चिकोडीत पाणी उकळून पिता का, हे त्यांच्याआधी मीच विचारते.

प्रश्न : काजूच्या हंगामात आम्ही गोव्याच्या सत्तरी भागात कामाला जातो. गेल्या वर्षी तिकडं ताप आला. भावाच्या उरलेल्या गोळ्या जवळ होत्या, तीन घेतल्या, बरं वाटलं. यंदा पाकीटच बरोबर न्यावं म्हणतो. – जांबोटी भाग, ता. खानापूर

उत्तर : नेऊ नका. त्या रानातला ताप एका जातीचा नसतो. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडलेत. 1957 साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि हळूहळू घाटाच्या रांगेनं वर सरकत गेला. गोचिडीच्या चाव्यातून होतो, विषाणूचा आहे, त्याला कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. वेळेत दवाखान्यात भरती होणं हाच उपाय. दुसऱ्या बाजूला स्क्रब टायफस आणि लेप्टो हे तापही रानावनात, चिखलात काम करणाऱ्यांना होतात, आणि त्यांवर डॉक्सिसायक्लिनसारखी साधी गोळी छान चालते, पण लवकर सुरू केली तर. स्क्रब टायफस अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झिमला दाद देत नाही. भावाच्या पाकिटात यातलं काय होतं? तुम्हाला नाव ठाऊक नाही, पत्रात ‘पिवळ्या-लाल कॅपसूल’ एवढंच लिहिलंय. रंगावरून औषध ओळखता येत नाही, एकाच औषधाला दहा कंपन्या दहा रंग देतात.

तुम्ही बरं झालात ते त्या तापाच्या कृपेनं, असंच मी धरून चालते.

ताप आला तर काम थांबवून जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, आणि विचारायची वाट न बघता चार गोष्टी सांगा : कुठल्या बागेत काम केलं, किती दिवस झाले, अंगावर गोचीड सापडली का, आसपास मेलेलं माकड दिसलं का. शेवटची गोष्ट आधी सांगितलीत तरी चालेल. काखेत, जांघेत, कमरेच्या दोरीखाली काळी खपली आणि भोवती लाल कडं असेल तर कपडे बाजूला करून दाखवा, लाजू नका. ती खपली दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणसाला दिसतच नाही, आणि डॉक्टरांना तेवढ्या एका खुणेवरून स्क्रब टायफसचा सुगावा लागतो.

बरोबर न्यायचंच असेल तर पॅरासिटामॉल आणि ओआरएस न्या. अंगदुखीची डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन तापात स्वतःच्या मनानं नको. डेंगू किंवा माकडताप निघाला तर रक्तस्रावाची भीती वाढते. आणि डेंगूबद्दल एक लक्षात असू द्या, त्यात ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. ताप गेला आणि पोट जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर ‘उतार पडला’ म्हणून घरी बसू नका.

प्रश्न : आमच्या गल्लीतला एक मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय काही गोळ्या देत नाही, दिल्या तर वहीत नावगाव लिहून घेतो. पलीकडचा काही न विचारता देतो. पहिला मुद्दाम अडवतो का? – निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : पहिल्याकडंच जा, गुरुजी. सगळीच अँटिबायोटिक्स चिठ्ठीवर द्यायची औषधं आहेत. त्यातली सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन अशी काही, क्षयाची औषधं आणि झोपेच्या-नशेच्या काही गोळ्या मिळून एक वेगळी यादी 2013 साली निघाली आणि मार्च 2014 पासून लागू झाली. तिला शेड्यूल एच-वन म्हणतात. त्यातलं औषध विकलं की डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. तो तुम्हाला अडवत नाही, कायदा पाळतोय. हा कायदा केंद्राचा आहे, तेव्हा नदी ओलांडून कागलला गेलात तरी नियम तोच. (सीमाभागात दोन्हीकडं एकच असलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक.)

घरात पट्टी असेल तर उलटी करून बघा. पाठीमागं उभी लाल रेघ असली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. 2016 पासून केंद्र सरकार या रेघेचा प्रचार करतंय, पण माझ्या भाच्याच्या दुकानात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती सजावट वाटते.

आणखी एक, हे मेडिकलवाल्यांना आवडणार नाही. चार गोळ्या मागितल्या की पट्टी कात्रीनं कापून देतात. कापताना औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. तुमच्या हातात येतो तो नुसता चकचकीत तुकडा. घरी तो डब्यात पडतो आणि सहा महिन्यांनी ‘तापाची गोळी’ म्हणून सुनेला दिला जातो. तेव्हा बिल मागा, त्यावर नाव, बॅच आणि मुदत असते. बिल आणि गोळ्या एकाच पाकिटात ठेवा.

प्रश्न : डॉक्टर म्हणतात कोर्स पूर्ण करा. मोबाइलवर मेसेज फिरतोय की कोर्स पूर्ण करणं हीच जुनी चूक आहे. नक्की काय? आणि बरोबर बी-कॉम्प्लेक्स, दूध घ्यायलाच हवं का? – विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. पूर्वी सरसकट लांब कोर्स द्यायचे. बऱ्याच आजारांत कमी दिवसही पुरतात, असं आता दिसलंय आणि डॉक्टरच दिवस कमी लिहायला लागलेत. ॲझिथ्रोमायसिनच्या बऱ्याचदा तीनच गोळ्या देतात, कारण ते गोळी थांबल्यावरही कितीतरी दिवस शरीरात राहतं. यातून ‘बरं वाटलं की मी थांबवते’ असा अर्थ काढू नका. किती दिवस हे डॉक्टर ठरवतात. लवकर थांबवायचं वाटलं तर फोन करून विचारा. क्षयात तर हा प्रश्नच नाही : साध्या क्षयाला सहा महिने म्हणजे सहा महिने, खोकला दुसऱ्या महिन्यात गेला तरी.

बी-कॉम्प्लेक्सची सक्ती नाही, चांगलं जेवा. दूध मात्र सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांच्याबरोबर घेऊ नका. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. डॉक्सिसायक्लिन बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, अन्ननलिकेत अडकली तर जखम करते.

प्रश्न : आज्जीला गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता येत नाही. दवाखान्यात कन्नडमध्ये लिहून देतात, मेडिकलमध्ये इंग्रजीत. ती सकाळची रात्री आणि रात्रीची सकाळी घेते. – नातू, उचगाव

उत्तर : सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, आज्जींच्या गोळ्या आजच लावून घेऊ या. खिडकीवर असताना मी पाकिटावर अर्धा सूर्य, पूर्ण सूर्य आणि चांदोबा काढून द्यायची : सकाळ, दुपार, रात्र. जेवणानंतरची असेल तर शेजारी ताट. तुम्हीही पेन घेऊन पाकिटावर काढून द्या, आणि प्रत्येक चित्राखाली जेवढ्या गोळ्या तेवढे ठिपके. आज्जी पहिल्या दिवशी हसतील, मग सवय होईल. अँटिबायोटिकचं पाकीट वेगळं ठेवा आणि त्याच्या शेवटच्या दिवसाचा वार आज्जींना सांगून ठेवा. बीपीच्या गोळीसारखी ती कायमची समजून परत मागवणाऱ्या आज्ज्या मी बघितल्यात.

प्रश्न : तुमचं वाक्य वाचून राग आला. मी खेड्यात बारा-पंधरा वर्षं दवाखाना चालवतो. अँटिबायोटिक दिलं नाही तर पेशंट पुढच्या गल्लीत जातो, आणि तिथं डिग्री नसलेला माणूस त्याला तिप्पट सुया टोचतो. मग मी शहाणपणा करून मिळवलं काय? – एक डॉक्टर, अथणी तालुका

उत्तर : राग रास्त आहे. मी एक वाक्य लिहून मोकळी झाले, तुम्हाला रोज पेशंटचं तोंड बघावं लागतं. तुम्ही म्हणता तशी माणसं गल्लोगल्ली आहेत. खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा कर्नाटकात 2007 पासून आहे, पण एक दार बंद झालं की ते दुसऱ्या गावात उघडतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

पण ‘तो देतो म्हणून मी देतो’ याचा शेवट आपल्याच दवाखान्यात होतो. जंतू औषधांना सरावल्यामुळं 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली असा अभ्यासकांचा हिशेब आहे. आकडा दूरचा वाटतो. जवळचं सांगायचं तर, लघवीच्या जंतुसंसर्गाला पूर्वी खिडकीवरून दिलेल्या गोळ्यांनी बाई बरी व्हायची. आता त्याच तक्रारीसाठी बायकांना इंजेक्शनं घ्यायला बेळगावला जाताना मी बघते.

पेशंट पुढच्या गल्लीत जातो ते दुसऱ्या खेपेच्या भीतीनं, येळ्ळूरच्या आईंना मी हेच लिहिलंय. ती खेप तुम्ही हलकी करू शकता. बाहेरच्या देशांत काही डॉक्टर अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहून देतात, पण ‘अमुक दिवसापर्यंत उतार पडला नाही तरच घ्या’ असं सांगून. आणि बरेचसे पेशंट ती वापरतच नाहीत असं दिसून आलंय. आमच्याकडं ती चिठ्ठी दहा मिनिटांत मेडिकलात येईल, हे मला चांगलं माहीत आहे. त्यापेक्षा फोनचं बघा. चिठ्ठीवर वार लिहा, नंबर लिहा आणि म्हणा, ‘शुक्रवारी सकाळी ताप असला तर फोन करा, यायचं की नाही ते मी सांगतो.’ मजुरी बुडत नाही, पेशंट तुमचाच राहतो. फोनवर पैसे कसे घ्यायचे हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. पहिल्याच भेटीच्या फीमध्ये तो फोन धरा आणि तसं सांगून टाका. आपल्या माणसाला फुकट फोन मिळाला की तो चार घरी सांगतो. वाचकांसाठीही लिहून ठेवते : सरकारची आरोग्यवाणी 104 नंबरवर आहे, आणि गावातल्या आशाताई श्वास मोजायला शिकलेल्या असतात.

आणि ‘काहीच दिलं नाही’ असं पेशंटला वाटू देऊ नका. माझ्या खिडकीवर ज्यांच्या चिठ्ठीत नुसतं पॅरासिटामॉल असायचं, त्यांतले रागावून यायचे ते बहुतेक करून ज्यांच्या छातीला नळी लावलीच नव्हती ते. नळी लावून, घसा बघून, ‘छाती साफ आहे, न्यूमोनिया नाही’ असं मोठ्यानं सांगितलेला माणूस चार आण्याची गोळी घेऊनही शांतपणे घरी जायचा.

*पुढच्या अंकासाठी :* गुडघेदुखीवर पुडीतून मिळणाऱ्या ‘बारीक पांढऱ्या गोळी’बद्दल संकेश्वर आणि नंदगडहून पत्रं आली आहेत. तो विषय स्टेरॉइडचा दिसतो, त्यावर सविस्तर लिहीन. तोवर, ती गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर माझा लेख वाचायची वाट बघत एकदम बंद करू नका. अशी गोळी अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. पुडीसकट डॉक्टरांना दाखवा.